रव्यातला भ

असल्फ्याच्या टेकडीवरून उतरलेली पोरं शाळेच्या पायरीवर चिखलाचे पाय घासतायत. पाऊस सकाळपासून थांबलेला नाही. घाटकोपर पश्चिमेतली ही महापालिकेची मराठी शाळा. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत आज विशेष शिक्षिका आल्या आहेत. आठवड्यातले दोन दिवस त्या इथे असतात, बाकीचे दिवस इतर शाळांत. मला मागच्या बाकावर बसू दिलंय ते एकाच अटीवर, की पोरांना प्रश्न विचारायचे नाहीत.

खिडकीजवळ तिसरीतला एक मुलगा स्टीलच्या ताटासमोर बसलाय. ताटात बारीक रवा पसरलेला आहे. त्याने आत्ताच पुस्तकातला ‘भात’ ‘मात’ असा वाचला, आणि वाचून झाल्यावर बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चुकलं की काय होतं, हे त्याला दोन वर्षांत चांगलं कळलेलं दिसतंय. बाईंचा चेहरा मात्र बदलत नाही.

“डोक्यावरची रेघ बघ राजा. कुठे तुटलीय?”

तो पुस्तकावर बोट ठेवतो, नाक पानाला टेकेल इतका वाकतो, मग रव्यात हळूहळू भ काढतो. आधी गाठ, मग काना, शेवटी रेघ. रेघ ओढताना मध्येच बोट उचलतो. उचलल्या जागी रवा तसाच राहतो. बाई त्याचंच बोट धरून त्या फटीवर ठेवतात. “आता ध काढ.” पुन्हा फट. “आता थ.” तिसऱ्यांदा बोट उचलताना तो थबकतो.

“बाई, ही तिन्ही तुटकी!”

“हो. आणि म, घ, य?”

“त्यांची रेघ अख्खी.”

भ-म, ध-घ, थ-य. आपण घाईघाईत शिरोरेघ न देता लिहितो, वर्गातल्या फळ्यावरही बहुतेकदा तसंच लिहिलेलं असतं. ज्याला अक्षरांची रूपं पटकन लक्षात राहत नाहीत, त्याच्या हातातली मोठी खूणच आपण पुसून टाकतो. आजोबांच्या पिढीने धूळपाटीवर अक्षरं गिरवली, त्याच वाटेने बाई या मुलाला नेतायत. बोटाला रव्याचा खरखरीत स्पर्श होतो, डोळा बघतो, तोंड उच्चारतं. ताट हलवलं की चूक नाहीशी होते, वहीत लाल फुली उरत नाही. शेवटची गोष्ट त्याला सगळ्यात जास्त आवडत असावी, कारण ताट हलवण्याचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

दुसरीतली एक मुलगी अचानक दोन्ही कानांवर हात दाबते. मला काहीच ऐकू येत नाही. क्षणभराने वर्सोवा-घाटकोपर मेट्रो पुलावरून जाते. तिला ती आमच्या आधी कळते. ती स्वमग्न आहे. बाई तिचे हात खाली ओढत नाहीत, “काही नाही गं” असंही म्हणत नाहीत. गाडी जाऊ देतात. हात आपोआप खाली येतात आणि मणी ओवणं पुढे सुरू होतं.

तिच्या बाकावर चित्रांची एक पट्टी चिकटवली आहे. दप्तर, पाटी, मणी, खिचडी, घर. एकेक काम झालं की ती ते चित्र स्वतः उलटं करते. आज खिचडी उशिरा येणार असल्याचा निरोप येतो. बाई लगेच तिच्याजवळ बसून खिचडीचं चित्र एक घर पुढे सरकवतात, मध्ये गोष्टीच्या पुस्तकाचं चित्र लावतात आणि दोनदा बोटाने दाखवतात. मुलगी पट्टीकडे बराच वेळ बघत राहते. मग मणी उचलते. एवढं केलं नसतं तर काय झालं असतं, हे शेजारच्या वर्गाच्या बाई मला दारातूनच सांगतात: मागे एकदा अशाच बदलाने ती तासभर रडत होती आणि सगळे म्हणत होते, हट्टी आहे.

पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानामागे यंत्र आहे. त्याच्याशी बोलताना बाई फळ्याकडे तोंड करत नाहीत आणि पंखा बंद ठेवतात, कारण यंत्र पंख्याची घरघरही तेवढीच मोठी करून देतं.

दारात रव्याच्या ताटावरच्या मुलाची आई उभी आहे. धुण्याभांड्याची दोन घरं आटोपून आलीय, छत्रीतून पाणी ठिबकतंय.

“बाई, त्याचा कागद कधी होणार?”

“ताई, आता त्याला आठ पूर्ण झाली. सायन हॉस्पिटलला नाव घालू या. आधी डोळे आणि कान तपासतील, मग बुद्धीची चाचणी, मग लिहिण्या-वाचण्याची.”

“म्हणजे तीन-चार खेपा. दर खेपेला खाडा पडतो हो.”

बाई मान डोलावतात. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नाही.

तो कागद महत्त्वाचा आहेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांतला एक. महाराष्ट्राने तर परीक्षेतल्या सवलती या मुलांना १९९६ पासूनच दिल्या. पण या अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं. त्याला कारणही आहे, लहानपणी पुष्कळ मुलं अक्षरांची अदलाबदल करतात आणि पुढे सावरतात. तोवर पहिली-दुसरी मात्र निघून गेलेली असते, आणि ‘ढ’ हा शिक्का बसायला प्रमाणपत्र लागत नाही. या बाईंनी रव्याचं ताट मुलगा पहिलीत असतानाच काढलं. मला त्यांचं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मदत आधी, कागद मागाहून. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेल्या ‘डाली’ चाचण्या मराठीतही आहेत, लहान वर्गांच्या शिक्षकांनी मुलांची प्राथमिक पारख करण्याची सोयही त्यांत आहे. म्हणजे वाट बघत बसण्याची गरज नाही.

पण ताट काढायला बाईंसारखं माणूस शाळेत हवं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांबाबत निकाल दिला. त्यानुसार पुढच्या वर्षी केंद्राने प्रमाण ठरवलं: प्राथमिक वर्गांत दर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक. या खोलीत बाई परत येणार त्या पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत हा मुलगा साठ जणांच्या गलक्यात बसणार, म्हणून बाई जाताना त्याच्या वर्गशिक्षिकेला एवढंच सांगतात, “फळ्यावर लिहिताना रेघ द्या, आणि त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका.”

तुमच्या घरात, शेजारी किंवा तुमच्या वर्गात पहिली-दुसरीतलं असं मूल असेल, तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या, आणि आठव्या वाढदिवसाची वाट न पाहता आजच रव्याचं ताट काढा.