मेण, लोकर आणि भंडारा

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीत पोचली की परीट मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. गर्दी मेंढ्या पाहते. पाहण्याजोगे खरं तर धनगर मेंढकेही असतात: डोक्याला लाल पटका, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर काळी घोंगडी आणि कपाळावर भंडारा.

यातली घोंगडी नुसतं पांघरूण नव्हे. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर कातरून, पिंजून तिचं सूत काढतात. उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात आणि सणगर समाजाचे विणकर हातमागावर घोंगडी विणतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे ‘जावळ’. ती मऊ, म्हणून तिची घोंगडी महाग. बाकीची नवी असताना टोचते, हे पांघरणाऱ्यालाच ठाऊक! लोकरीत मुळातच मेंढीच्या अंगची स्निग्धता असल्यानं पावसाचं पाणी लगेच आत मुरत नाही. एक कोपरा दुमडून डोक्यावर ओढला की खोळ तयार. मात्र एकदा चिंब भिजली की वाळता वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडं’ म्हणतो, ते उगाच नाही.

धनगर बायकांचं नऊवारी लुगडं, खणाची चोळी, हनुवटीवर आणि हातांवर हिरवं गोंदण, गळ्यात डोरलं. पण सगळ्यात विलक्षण ती त्यांच्या करंड्यातली मेणाची डबी. जुन्या बायका आधी कपाळाला मेण लावत, मग त्यावर कुंकू. उन्हात दिवसभर चालूनही ते ओघळत नसे. कुंकू तरी कशाचं? हळदीचंच. टाकणखार आणि लिंबाचा रस घातला की ती लाल होते. म्हणजे खंडोबाच्या नावानं उधळलेला पिवळा भंडारा आणि कपाळावरचं लाल कुंकू, दोन्ही एकाच कंदाची.

कपाळावरच्या मेणाची ही युक्ती पार आफ्रिकेत सापडते. नामिबियाच्या वायव्येतल्या कुनेने भागात गुरं राखणाऱ्या हिंबा जमातीच्या बायका लोणी आणि लाल गेरूचा ‘ओतजिझे’ नावाचा लेप अंगाला नि वेण्यांना लावतात. पाणी दुर्मीळ, म्हणून अंघोळीऐवजी सुगंधी लाकडाची धुरी घेतात. तिथं लहान मुलींच्या दोन वेण्या कपाळावरून पुढे येतात आणि लग्न झालेली बाई डोक्यावर कातड्याचा ‘एरेंबे’ घालते. आपल्याकडे तीच खूण डोरलं नि जोडवी सांगतात. तिथं लोणी, इथं मेण: रंग टिकवायला स्निग्ध पदार्थच लागतो.

काटेवाडीचा हा बारामती-इंदापूरचा पट्टा पर्जन्यछायेत. इथल्या धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तांडे, दिवाळीनंतर चाऱ्यासाठी कोकणात उतरतात आणि मिरगाच्या सुमारास माघारी येतात. घाटात वळिवानं गाठलं, तर आजही आधी घोंगडीची खोळ डोक्यावर येते. मेंढ्यांवर मात्र पाऊस पडत राहतो.