खुणेवरून औषध : एक तर्क, तीन वनस्पती

‘आमची आजी तापावर अमुक झाडाचा पाला देते. ते खरं की अंधश्रद्धा?’ विज्ञानाच्या तासाला असा प्रश्न कधी ना कधी येतोच. ‘अंधश्रद्धा!’ म्हणून तो उडवून लावणे सोपे. ‘पूर्वजांचे अनुभवाचे बोल’ म्हणून मान डोलावणे त्याहून सोपे. दोन्ही उत्तरांत तपासणी मात्र होत नाही. ती कशी करायची हे पाहण्यासाठी आपण जरा लांब, युरोपातील लोकवैद्यकाकडे जाऊ. तिथल्या काही वनस्पतींची हकिकत बारकाईने नोंदलेली आहे. शिवाय वर्गातल्या कोणाच्याच आजीचा प्रश्न नसल्याने चर्चाही मोकळेपणाने होते.

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात एक समजूत चांगलीच रुजलेली होती. ईश्वराने प्रत्येक औषधी वनस्पतीवर तिच्या उपयोगाची खूण उमटवून ठेवली आहे. माणसाने ती ओळखायची एवढेच! पॅरासेल्सस (१४९३-१५४१) या वैद्याने या विचाराचा पुरस्कार केला. इटलीतील देल्ला पोर्ता याने १५८८ साली त्यावर सचित्र ग्रंथच लिहिला. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो डोक्याच्या विकारांवर. लंगवर्टच्या पानांवरचे ठिपके फुप्फुसाची आठवण करून देतात, म्हणून ती खोकल्यावर. सेंट जॉन्स वर्टचे पान उजेडात धरले तर भोके पडल्यासारखी दिसतात, म्हणून ते जखमांवर. हीच वनस्पती २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाला भुताखेतांपासून रक्षण व्हावे म्हणून दारावर टांगत. खूण केवळ आकाराचीच असे, असे नाही. वनस्पती कोठे वाढते, यालाही अर्थ होता : रोग जिथे, तिथेच त्याचा उतारा.

आता पहिली वनस्पती पाहू. इंग्लंडमधील चिपिंग नॉर्टन गावच्या एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने एकदा सहज विलोची साल चाखली. (विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद.) साल विलक्षण कडू लागली. हिवतापावर दिली जाणारी महागडी सिंकोनाची सालही अशीच कडू. शिवाय विलो वाढतो ओलसर जागी, आणि हिवताप होतो तोही दलदलीच्या भागात! स्टोनने सुमारे अर्धा किलो साल भटारखान्याच्या भट्टीजवळ तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, तिची पूड केली आणि पाच वर्षांत सुमारे पन्नास रुग्णांना दिली. मात्रा आधी अगदी थोडी, मग हळूहळू वाढवीत नेली. ताप उतरला. १७६३ साली त्याने हे सारे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. चौथिया तापाच्या काही रुग्णांत नुसत्या विलोने भागले नाही, सिंकोनाची जोड द्यावी लागली, हेही त्याने लपवले नाही.

सालीतील सॅलिसीन हा घटक १८२८ साली वेगळा करण्यात आला. १८७६ साली डंडीच्या मॅक्लेगन या डॉक्टरने संधिवाताच्या तापावर त्याचा प्रयोग केला. गंमत म्हणजे त्याचाही तर्क ‘ओलसर जागचा रोग, ओलसर जागचे झाड’ हाच होता! पुढे याच रासायनिक कुटुंबातून अ‍ॅस्पिरिन आले आणि १८९९ साली बाजारात दाखल झाले.

मग खुणेचा तर्क खरा ठरला म्हणायचा का? थोडे थांबा. सिंकोनातील क्विनीन हिवतापाचे परजीवी मारते. विलोची साल फक्त ताप आणि अंगदुखी कमी करते. परजीवी रक्तात तसाच राहतो. म्हणजे स्टोनचे निरीक्षण बरोबर होते, पण त्याने लावलेला अर्थ चुकीचा होता. ताप उतरणे आणि रोग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी वनस्पती याच तर्काने निवडलेली आहे. तिचे फूल तळाशी फुगीर आणि वर वाकड्या नळीसारखे असते. त्यात लोकांना गर्भाशयाचा आकार दिसला, म्हणून ती बाळंतपणात देत. तिचे नावच मुळी अ‍ॅरिस्टोलोकिया, म्हणजे ग्रीक भाषेत ‘प्रसूतीसाठी उत्तम’. प्राचीन ग्रीक काळापासून युरोपात तिचा वापर होता. एवढ्या पिढ्यांचा अनुभव पाठीशी असलेले औषध दुसरे कोणते दाखवावे!

डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशिया इत्यादी देशांतील काही शेतकरी गावांत मूत्रपिंडे हळूहळू निकामी करणारा एक आजार १९५० च्या दशकात नोंदला गेला. काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसे, त्यामुळे कारण सापडेना. गव्हाच्या शेतात अ‍ॅरिस्टोलोकियाचे तण माजते आणि त्याचे बी पिठात मिसळते, हा संशय होता. दरम्यान, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या शंभराच्या आसपास रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली. गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी चुकून अ‍ॅरिस्टोलोकियाची दुसरी जाती आली होती. यांपैकी अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. २००७ साली डॅन्यूबकाठच्या रुग्णांच्या ऊतींतही अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने डीएनएवर सोडलेले वैशिष्ट्यपूर्ण ठसे सापडले. आज हे आम्ल निश्चितपणे कर्करोगकारक मानले जाते. आपल्याकडे सर्पदंशावर उगाळून देतात ती ईश्वरी किंवा सापसनसुद्धा याच प्रजातीतील आहे, आणि तिच्यातही हे आम्ल असते.

दोन हजार वर्षांत हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? लोकानुभवाची ताकद आणि मर्यादा येथेच कळते. पाला खाल्ला आणि तासाभरात उलटी झाली, तर गाव तो पाला कायमचा लक्षात ठेवते. पण आज घेतलेल्या औषधाने दहा-वीस वर्षांनी मूत्रपिंड बिघडले, तर ते दोन टोकांचे धागे जुळवणार कोण? झटपट होणारा अपाय अनुभवाच्या चाळणीत अडकतो; सावकाश होणारा अपाय तिच्यातून निसटून जातो. ‘शेकडो वर्षे वापरात आहे, म्हणून निर्धोक’ हे विधान त्यामुळेच टिकत नाही.

तिसरी वनस्पती फॉक्सग्लव्ह, म्हणजेच डिजिटॅलिस. अंगावर पाणी साचून येणाऱ्या सुजेवर श्रॉपशरमधील एक वृद्ध स्त्री घरगुती काढा देत असे. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरला त्यावर मत विचारण्यात आले. काढ्यात वीसहून अधिक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लव्हचाच असावा, हे वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या विदरिंगने ओळखले. पण हे तर विष! थोडी मात्रा जास्त झाली की नाडी मंदावते, रुग्ण दगावतो. विदरिंगने दहा वर्षे मात्रा ठरवण्यात घालवली आणि १७८५ साली पुस्तक लिहिले. त्यात स्वतः पाहिलेल्या १६३ रुग्णांची हकिकत आहे. गुण आलेले तेवढेच रुग्ण निवडणे सोपे होते, पण त्याने न बरे झालेलेही नोंदवले. याच कुळातील डिगॉक्सिन हे औषध हृदयविकारात आजही देतात.

तेव्हा आजीच्या पाल्याचे काय? वर्गात फळ्यावर चार रकाने आखा : घेतले व बरे झाले, घेतले, पण बरे झाले नाही, घेतले नाही, तरी बरे झाले, घेतले नाही आणि बरे झाले नाही. विद्यार्थ्यांना एखाद्या घरगुती उपायाबद्दल घरच्यांना विचारून आकडे भरायला सांगा. (कोणतीही वनस्पती चाखून मात्र पाहायची नाही, हे बजावा.) पहिला रकाना भराभर भरतो आणि उरलेले तीन बहुधा रिकामे राहतात, हे मुलांच्याच लक्षात येईल. सर्दी चार-सहा दिवसांत आपोआप बरी होते. तिच्यावरचा प्रत्येक उपाय पहिल्या रकान्यात यशस्वीच दिसणार!

मग पाचवा प्रश्न विचारा : ‘औषध घेतल्यावर वीस वर्षांनी काय झाले, हे कोणी पाहिले का?’ त्या वृद्ध स्त्रीने विदरिंगला वाट दाखवली, हे विसरू नये. आजीचे ज्ञान हा प्रश्नाचा उत्तम आरंभ आहे. त्याचे उत्तर मात्र उरलेले रकाने भरल्यावरच मिळेल.