मत्स्यालयातील दिवा आणि समुद्रमाशांचे रंग

कावेरीच्या काठी वसलेल्या कुंभकोणम् नगरीपासून बंगालचा उपसागर फार दूर नाही. तथापि तिच्या घाटांना लागणारे पाणी गोडे आहे. अशा नगरीतील एखाद्या शाळेने किंवा कुटुंबाने काचेच्या टाकीत समुद्रातील मासे पाळावयाचे ठरविले, तर प्रथम खाऱ्या पाण्याची सिद्धता करावी लागते, हे सर्वांच्याच ध्यानात येते. परंतु त्या माशांचा सूर्यही समुद्राबरोबर मागे राहिलेला असतो, याचा मात्र पुष्कळदा विसर पडतो. टाकीवरील दिवा ही केवळ पाहणाऱ्याच्या सोयीची वस्तू नव्हे. तो लावला म्हणजे माशाचा दिवस उगवतो आणि मालविला म्हणजे त्याची रात्र होते. म्हणून माशाचा रंग व त्याचे आरोग्य यांचा या दिव्याशी काय संबंध आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सूर्यप्रकाशात सर्व रंगांचे किरण मिसळलेले असतात. ते पाण्यात शिरले म्हणजे पाणी त्यांतील तांबडे किरण प्रथम शोषून घेते. स्वच्छ समुद्रातही सुमारे १० मीटर खोलीपर्यंत तांबडा भाग बहुतांशी नाहीसा होतो. निळे किरण मात्र खूप खोलवर पोहोचतात. कावेरीकाठच्याच तिरुचिरापल्ली येथे जन्मलेले डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन् १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परत येत असताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने विचारात पडले. ही निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांनी दाखवून दिले. सारांश, समुद्रात राहणारा मासा निळसर प्रकाशात वाढलेला असतो.

यावरून एक प्रश्न उद्भवतो. निळ्या प्रकाशात तांबडा मासा कसा दिसेल? विद्यार्थ्यांना याचे उत्तर सहज मिळविता येईल. बॅटरीच्या काचेवर गडद निळा जिलेटीन कागद बांधावा आणि अंधाऱ्या खोलीत तिचा प्रकाश तांबड्या कापडावर टाकावा. कापड जवळजवळ काळे दिसेल. वस्तूवर जो रंग पडतच नाही, तो ती परतही पाठवू शकत नाही. याच कारणाने नुसत्या निळ्या दिव्याखाली नारिंगी मासा मळकट दिसतो. उलट काही माशांच्या व पोवळ्यांच्या अंगी निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकण्याचा गुण असतो. ते अशा दिव्याखाली चमकू लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १८० हून अधिक जातींच्या माशांत हा गुण आढळल्याची नोंद आहे. दिव्याने दाखविलेला रंग आणि माशाच्या अंगचा रंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

माशाच्या अंगचा रंग त्याच्या त्वचेतील रंजकपेशींत असतो. काळा रंग मेलॅनिन या द्रव्याचा असतो. पिवळा, नारिंगी व तांबडा हे रंग पुष्कळ अंशी कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांचे असतात. ही द्रव्ये माशाला स्वतःच्या शरीरात मुळापासून तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. रुपेरी झळाळी ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते, आणि बहुतेक माशांचा निळा रंगदेखील अशाच स्फटिकांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा असतो. तेव्हा फिकट पडलेल्या नारिंगी माशावर अधिक प्रखर दिवा लावून भागत नाही. त्याच्या आहाराकडे पाहावे लागते.

या पेशींतील रंगकण पसरले म्हणजे मासा गडद होतो व एकत्र गोळा झाले म्हणजे फिकट होतो. ही क्रिया मज्जातंतू व संप्रेरके यांच्या आज्ञेने घडते. वरून येणारा प्रकाश आणि तळावरून परावर्तित होणारा प्रकाश यांची तुलना माशाचे डोळे करीत असतात. त्यामुळे पांढऱ्या तळाच्या लख्ख टाकीत अनेक जातींचे मासे फिके पडतात, आणि काळसर तळावर त्यांचा रंग गडद होतो. भीतीनेही रंग उतरतो.

भीतीचे एक कारण आपणच निर्माण करतो. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांच्या डोळ्यांची बाहुली आपल्याप्रमाणे लहानमोठी होत नाही. उजेडाशी जुळवून घेण्यासाठी त्यांच्या दृष्टिपटलातील पेशी व रंगकण यांना जागा बदलावी लागते, आणि या कामास काही मिनिटे नव्हे, तर कधी अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. गडद अंधारात एकदम प्रखर दिवा लावला, तर मासा बिचकून काचेवर आदळतो. म्हणून आधी खोलीतील दिवा लावावा, काही वेळाने टाकीवरचा. मालविताना याच्या उलट करावे. दगडांच्या कपारी ठेवून सावलीचीही सोय करावी. मुंबईस १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या संस्थांत टाक्यांवर वरून प्रकाश आणि प्रेक्षकांच्या दालनात मंद उजेड, अशी जी रचना करतात, तीत माशाचाही लाभ असतो. अंधारातील प्रेक्षक त्याला फारसे दिसत नाहीत.

दिवसाइतकेच रात्रीचेही महत्त्व आहे. माशाच्या डोक्यातील पिनियल ग्रंथीला प्रकाशाची जाणीव होते आणि अंधार पडला म्हणजे ती मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवते. विश्रांतीच्या वेळी अनेक मासे फिकट किंवा ठिपकेदार होतात; पोपटमाशांच्या काही जाती तर स्वतःभोवती चिकट द्रवाचा कोश विणून झोपतात. रात्री अवचित दिवा लावून फिकट मासा पाहणाऱ्याने तो आजारी आहे असे समजू नये. तो झोपलेला असतो.

रात्र हिरावून घेतल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण विदूषक माशाचे आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहतो. कुंभकोणम्‌च्या उत्तरेस वेल्लार नदीच्या मुखाशी परंगीपेट्टै येथे अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र आहे, आणि दक्षिणेस मंडपम् येथे केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. दोन्ही ठिकाणी या माशांची पैदास करण्यात आली आहे. याची अंडी सुमारे आठवड्याने, सूर्यास्तानंतरच्या अंधारात फुटतात. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १० जोड्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या जोड्यांच्या टाक्यांवर रात्रीही कृत्रिम प्रकाश ठेवला होता, त्यांच्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आले नाही. माद्यांनी अंडी घातली होती, त्यांतील गर्भही जिवंत होते. त्यांना फक्त अंधार मिळाला नव्हता. तो मिळताच पुढची अंडी नेहमीप्रमाणे फुटली.

या ज्ञानाचे मोल मत्स्यालयापुरते मर्यादित नाही. मन्नारच्या आखातातील २१ बेटांचा परिसर १९८६ साली सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. तेथील पोवळ्यांवरचे मासे पकडून आणण्याऐवजी टाकीतच त्यांची पैदास करता आली, तर त्या प्रवाळभित्ती उजाड होण्याचे एक कारण कमी होईल. त्यासाठी प्रकाशाचे वेळापत्रक नेमके कळले पाहिजे.

कुंभकोणम् सुमारे ११ उत्तर अक्षांशावर आहे. तेथील दिवस वर्षभरात सुमारे साडेअकरा ते पावणेतेरा तासांचा असतो. मन्नारच्या आखातातही फारसा फरक नाही. तेव्हा टाकीवरील दिवा नियमितपणे दहा ते बारा तास ठेवावा. अधिक ठेवल्यास शेवाळ माजते व पाणी तापते. टाकीत समुद्रपुष्प असल्यास मात्र प्रकाश पुरेसा तेजस्वी हवा, कारण त्याच्या शरीरातील सूक्ष्म शैवले प्रकाशावरच अन्न तयार करतात. दिवसातून एकदा साध्या पांढऱ्या प्रकाशात माशाकडे पाहावे. तो अन्न घेतो काय, त्याचे कल्ले सावकाश हलतात काय आणि पर ताठ आहेत काय, हे तपासावे. एवढे करून ठरलेल्या वेळी दिवा मालवावा आणि सकाळपर्यंत त्यास हात लावू नये.