दोन तुकड्यांची दांडी

बोटाएवढ्या जाडीची एक लाकडी दांडी, मधोमध कापलेली. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून आडवे धरलेले आहेत. त्यांना खिळा नाही, दोरा नाही. दरवाजा मिटवू पाहणाऱ्या स्प्रिंगचा दाबच त्यांना एका रेषेत धरून ठेवतो. दरवाजा मिटायला बघतो, दांडी त्याला अडवते, आणि या रेटारेटीत सापळा दिवसभर उघडा राहतो. वरून उतरणारा पक्षी पाय टेकायला जागा शोधतो आणि दांडीवर बसतो. त्याचं वजन दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. तेवढं पुरतं. सांध्यात दांडी कोसळते, पक्षी खाली जातो, दरवाजा त्याच्या डोक्यावर मिटतो. कप्पा इतका अरुंद की पडता पडता पंख पसरून पुन्हा वर उसळी घ्यायला वाव राहत नाही. पक्ष्याला इजा होत नाही, पीसही सहसा मोडत नाही. तो नुसता कोंडला जातो.

याला लार्सन सापळा म्हणतात, आणि ब्रिटनच्या खेड्यांत वसंत ऋतू लागला की तो कुंपणाकडेला, झुडपांच्या आडोशाला ठेवलेला दिसतो. मला संपादकांनी पाठवलं होतं ते गेमकीपर या पेशावर लिहायला. जमीनदाराच्या पदरी राहून फेझंट, पार्ट्रिज अशा शिकारीच्या पक्ष्यांची निगा राखणारा हा माणूस. विल्टशरमध्ये चाळीसेक वर्षं हे काम केलेल्या एका कीपरांनी दिवसभर मला बरोबर हिंडवलं. बंदुका, कुत्री, फेझंटच्या पिल्लांचे खुराडे, सगळं कौतुकाने दाखवलं. पण माझं लक्ष त्या जाळीच्या पेटीवरून हटेना. दांडी बसवायचा प्रयत्न मीही केला. तुकडे हाताखाली सरकतात, दरवाजा फटकन बोटांवर येतो. कीपर ती एका हाताने, पलीकडे बघत, बोलता बोलता बसवतात.

हा सापळा मुख्यतः कॅरियन क्रो, म्हणजे तिथला काळा कावळा, आणि मॅगपाय यांच्यासाठी. मॅगपाय कावळ्याच्याच कुळातला. काळापांढरा, उन्हात पंखांवर निळी आणि शेपटीवर हिरवी झाक, आणि एकूण लांबीतला निम्म्याहून जास्त भाग शेपटीचाच. महाराष्ट्रात तो नाही. भारतात बघायचा तर लेहला जावं, तिथे तो अंगणात येतो. आपल्या रानातला टकाचोर त्याचा नातलग. चोरीचा शिक्का दोघांवरही आहे. रॉसिनीने 1817 मध्ये मॅगपायच्या चोरीवर अख्खा ऑपेरा रचला. त्यात चांदीचा चमचा पळवतो पक्षी आणि फाशीच्या दारी जाते मोलकरीण. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये हा आरोप तपासला. खाण्याशेजारी चकचकीत वस्तू ठेवल्या, तर मॅगपाय मोहात पडण्याऐवजी बिचकले. चोरीतून ते सुटले म्हणायचे. पण दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी आणि पिल्लं खाण्याचा आरोप खराच आहे आणि सापळा आहे तो त्यासाठी.

सापळ्याचा इतिहास थोडक्यात असा. 1950 च्या दशकात डेन्मार्कमधल्या लार्सन नावाच्या गेमकीपरने तो बनवला. ब्रिटनमध्ये तो रुजला 1980 च्या दशकात, फोर्डिंगब्रिजच्या गेम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेमुळे. आज तिचं नाव गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट असं आहे. डेन्मार्कने मात्र पुढे स्वतःच त्यावर बंदी घातली.

पेटी साधारण मीटरभर लांबीची, लाकडी चौकट आणि तारेची जाळी. आत तीन कप्पे. दोन कप्प्यांवर दांडी आणि दरवाजा. तिसरा कप्पा बंद, आणि त्यात एक जिवंत मॅगपाय. बाकी सगळी सुतारकी आहे. यंत्र म्हणायचं तर हा पक्षीच.

कारण मॅगपाय भुकेपोटी सापळ्यात येत नाही, निदान एप्रिल-मेमध्ये तरी नाही. त्या दिवसांत प्रत्येक जोडीने आपली हद्द आखलेली असते, साधारण पाच हेक्टरची. हद्दीत काट्याकाटक्यांचं, वर छप्पर असलेलं, आतून मातीने लिंपलेलं घरटं असतं. तिथे एका सकाळी परका मॅगपाय बसलेला दिसतो. आपल्या बांधावर दुसऱ्याची बैलजोडी जुंपलेली दिसल्यावर शेतकऱ्याचं जे होतं तेच त्या जोडीचं होतं. दोघं कर्कश ओरडत येतात, पेटीभोवती फिरतात, जाळीवर चोची मारतात. आतला हलत नाही, म्हणजे जायचं नाव घेत नाही. मग त्याच्याशी भिडायला सर्वांत जवळची वाट कोणती, तर शेजारचा उघडा कप्पा.

म्हणून आमिषाचा पक्षी त्याच परिसरातला असून चालत नाही, असं कीपरांनी सांगितलं. तो लांबून आणलेला हवा, शेजारपाजाऱ्यांना अनोळखी. बहुतेकदा एक कीपर दुसऱ्याला तो देतो. नाहीच मिळाला तर मोसमाच्या सुरुवातीला पेटीत अंडी किंवा पाव ठेवून पहिला पक्षी धरायचा, आणि पुढचे सगळे त्याच्या जिवावर. जोडीतला एक सापडला की पेटी लगेच हलवायची नाही. दुसराही बहुधा येतोच. मग पेटी उचलून पुढच्या हद्दीत.

फासेपारध्यांना हे नवं नाही. पाळलेला तित्तर शेताच्या कडेला ठेवायचा, तो ओरडला की रानातला नर त्याला हुसकायला धावून येतो आणि भोवती मांडलेल्या फाशात अडकतो. विदर्भातला पारधी आणि विल्टशरचा कीपर यांनी पक्ष्याचा स्वभाव सारखाच ओळखलेला आहे. फरक कायद्याचा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने पारध्याला गुन्हेगार ठरवलं. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने सगळ्या रानपक्ष्यांना संरक्षण दिलं आणि कीपरसाठी मागचं दार परवान्याने उघडं ठेवलं.

त्या परवान्याला जनरल लायसन्स म्हणतात. इंग्लंडमध्ये त्यासाठी अर्ज नाही, फी नाही, नावनोंदणी नाही. सरकार तो प्रसिद्ध करतं, आणि त्यातल्या अटी पाळणारा कुणीही जमीनमालक किंवा त्याने नेमलेला माणूस त्या आधारे मॅगपाय धरून मारू शकतो. अटी वाचायला मात्र मजा येते, कारण जवळजवळ प्रत्येक अट त्या तिसऱ्या कप्प्याभोवती घोटाळते. आमिषाच्या पक्ष्याला खाणं आणि ताजं पाणी हवं. ऊन-पावसापासून निवारा हवा. बसायला दांडी हवी, आणि अर्थातच ती अखंड. त्याला बांधून ठेवायचं नाही. जखमी किंवा आंधळा पक्षी वापरायचा नाही. सापळा चोवीस तासांत एकदा तरी बघितलाच पाहिजे. पकडलेल्याला मारायचं ते झटपट, यातना न देता. दुसरा कुठला पक्षी अडकला असेल तर तो तत्काळ सोडायचा. सापळा वापरात नसेल तेव्हा त्यात काहीच अडकू शकणार नाही अशी व्यवस्था करायची. पक्ष्याला पंख मोकळे पसरता येणार नाहीत एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं ब्रिटनमध्ये एरवी गुन्हा आहे. या सापळ्याला त्या कलमातून सूट द्यावी लागते.

कीपरांना या अटी पाळताना मी पाहिलं. सकाळी पहिली फेरी सापळ्यांची. आमिषाच्या मॅगपायला कुत्र्यांच्या खाण्यातला वाटा, पाण्याचं भांडं घासून नवं पाणी. शेजारच्या कप्प्यात कुणी आलं असेल तर त्याला बाहेर काढून आमिषाच्या नजरेआड नेतात आणि मग मारतात. हे परवान्यासाठी की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही. 2008 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मॅगपायच्या गळ्याखाली रंगीत ठिपका चिकटवून त्याच्यापुढे आरसा धरला, तेव्हा काही पक्ष्यांनी आरशात बघून स्वतःच्या अंगावरचा ठिपका काढायची धडपड केली. असा पक्षी मोसमभर शेजारच्या कप्प्यात काय काय बघतो याचा विचार मनात आला, आणि तो कीपरांच्याही मनात येत असावा असं त्यांच्या त्या नजरेआड नेण्यावरून वाटलं.

आता खरा प्रश्न. हे सगळं कशासाठी?

परवान्यानुसार, शिकारीला जास्त पक्षी मिळावेत एवढ्यासाठी मॅगपाय मारता येत नाही. कारण रानपक्ष्यांचं संवर्धन किंवा पिकांचं, पाळीव प्राण्यांचं गंभीर नुकसान असंच हवं. कीपर ग्रे पार्ट्रिजचं नाव घेतात. आपल्या तित्तराच्या कुळातला हा पक्षी 1970 पासून ब्रिटनमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. त्यांच्याजवळ पुरावाही आहे, आणि तो त्यांच्याच जिल्ह्यातला. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात गेम कॉन्झर्व्हन्सीने सॉल्झबरी प्लेनवर दोन भाग निवडले. एकात कोल्हे, कावळे, मॅगपाय यांच्यावर नियंत्रण, दुसऱ्यात नाही. तीन वर्षांनी अदलाबदल. नियंत्रण असलेल्या भागात ऑगस्टमधले पार्ट्रिज साडेतीन पटींपर्यंत वाढले. आकडा दणदणीत आहे. पण त्यात कोल्हाही होता, एकट्या मॅगपायच्या खात्यावर तो मांडता येत नाही. आणि पार्ट्रिज मुळात का घटला, हेही त्याच संस्थेतल्या डिक पॉट्स यांनी ससेक्समध्ये 1968 पासून चालवलेल्या अभ्यासातून दाखवलं आहे. तणनाशकांनी शेतातलं तण गेलं, तणावरचे किडे गेले आणि किड्यांवर जगणारी पिल्लं उपाशी मेली. तणनाशकाच्या डब्याला पिंजऱ्यात घालता येत नाही.

गाणाऱ्या पक्ष्यांचं आणखी अवघड. बागेतल्या ब्लॅकबर्डचं घरटं मॅगपायने उद्ध्वस्त करताना पाहिलेला माणूस आयुष्यभर मॅगपायचा वैरी होतो, ते समजतं. पण 1991 मध्ये आणि नंतर 2010 मध्ये ब्रिटनभरच्या पक्षिगणनांचे आकडे तपासले गेले, तेव्हा मॅगपाय वाढले म्हणून गाणारे पक्षी घटले असं देशपातळीवर दिसलं नाही. 2015 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला; त्यातल्या 81 टक्के प्रकरणांत कावळेकुळातल्या पक्ष्यांचा त्यांचं भक्ष्य असलेल्या जातींवर ठळक परिणाम आढळला नाही. उलट बाजूला, शेताच्या कुंपणातल्या घरट्यांवर केलेल्या एका प्रयोगात कावळे-मॅगपाय काढल्यावर थोडी जास्त घरटी यशस्वी झाली. घरटी वाचली म्हणजे पुढच्या वर्षी पक्षी वाढले असं नव्हे. बरीचशी पिल्लं हिवाळा तसाही गिळतो.

हा वाद 2019 मध्ये चिघळला. ख्रिस पॅकहॅम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांच्या वाइल्ड जस्टिस या संस्थेने जनरल लायसन्सच्या कायदेशीरपणाला आव्हान दिलं, आणि एप्रिलच्या अखेरीस नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने तीन परवाने एका झटक्यात रद्द केले. ऐन मोसमात. देशभरच्या कीपरांना रातोरात सापळे बंद करावे लागले. पॅकहॅम यांच्या घराच्या फाटकावर कुणीतरी मेलेले कावळे टांगून गेलं. जूनमध्ये मंत्रालयाने नवे परवाने काढले, पुढे ते पुन्हा बदलले, कारणांची भाषा काटेकोर झाली. आमच्या कीपरांना त्या आठवड्यांबद्दल बोलताना अजूनही राग येतो. संस्थेपेक्षा जास्त राग सूचना न देता परवाना काढून घेणाऱ्या सरकारवर. त्यांची बाजू मला पटली. आणि परवाना इतकी वर्षं कुणी तपासला नव्हता ही वाइल्ड जस्टिसची बाजूही पटली.

मॅगपायचा स्वतःचा हिशेब वेगळाच चालू असतो. कुठल्याही परिसरातल्या मॅगपायपैकी पाव ते निम्म्याहून अधिक पक्षी बिनजोडीचे, बिनहद्दीचे भटके असतात. रिकामी हद्द दिसली की ते आत येतात. एप्रिलमध्ये धरलेल्या जोडीच्या जागी मे महिन्यात दुसरी उभी राहू शकते आणि वर्षभराने तर राहतेच. कीपरांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. म्हणूनच सापळे जमिनीवर येतात ते मार्चपासून जूनपर्यंत, इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लं वाचवण्यापुरते. मॅगपाय कमी करणं हा त्यांचा दावाच नाही. ते विकत घेतात ते तीन-चार महिने.

आणि मोसम संपला की तिसऱ्या कप्प्यातल्या पक्ष्याचं काय? परवान्यात त्याला सोडून द्यायची अट नाही. कुणी पुढच्या वर्षासाठी मोठ्या पिंजऱ्यात सांभाळतं, कुणी दुसऱ्या कीपरला देतं, बहुतेक जण त्यालाही मारतात. आमचे कीपर मारतात. कितवा, याची नोंद त्यांच्या डायरीत सापडेल. सरकारी दप्तरात सापडणार नाही, कारण इंग्लंडमध्ये जनरल लायसन्सवर किती मॅगपाय मारले हे कुणालाही कळवावं लागत नाही. स्कॉटलंडमध्ये निदान सापळ्यावर नोंदणी क्रमांकाचं लेबल लावावं लागतं. त्यामुळे सापळा कुणाचा ते कळतं. आत किती आले आणि गेले, त्यासाठी पुन्हा कीपरची डायरीच.