खंडेनवमी आणि रंगाऱ्याचा कुंचला

अज्ञातवासास निघताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवली आणि मुदत सरताच ती पुन्हा हाती घेतली, ही विराटपर्वातील कथा दसऱ्यास घरोघर सांगितली जाते. खंडेनवमीस शस्त्रे पूजिली जातात. ज्याच्या हाती शस्त्र नाही, तो आपल्या उपजीविकेचे साधन पूजतो: शेतकरी नांगर, सुतार पटाशी आणि चालक आपली मालमोटार. परंतु झेंडूची माळ घालण्यापूर्वीच त्या मालमोटारीला सजविणारा एक कारागीर असतो. तो म्हणजे रंगारी पेंटर.

१९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. कारखान्यातून पुष्कळदा नुसता सांगाडाच येई. त्यावर केबिन व हौदा चढविणारे सुतार-लोहार आणि त्यांच्या शेजारी रंगारी, अशी वस्ती महामार्गांच्या कडेला वाढली.

हे काम सबुरीचे. प्रथम जुना रंग खरवडायचा, अस्तर द्यायचे, खाचखळगे पुट्टीने भरून पॉलिश कागदाने घासायचे. मग एनॅमलचे हात. एक हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा द्यायचा नाही. खडू लावलेल्या दोऱ्याने रेघ आखून त्यावर अक्षरे उतरतात आणि बारीक कुंचल्याने त्यांना छाया दिली की ती उठून दिसतात. मागच्या फाळक्यावर कमळ, मोर, गाय-वासरू उमटतात. कुलदैवताचे नाव मात्र बहुधा काचेच्या वर, केबिनच्या कपाळी. देवघरातला देव जसा उंच आसनावर, तसाच हा.

‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे तर या रंगाऱ्यांची ओळखच बनली होती. विनाकारण भोंगे वाजविण्यास त्यातून उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ साली त्यांवर बंदी घातली. तो घाव लहानच होता. खरा घाव घातला तो यंत्रावर कापल्या जाणाऱ्या चिकटचित्रांनी आणि कारखान्यातूनच रंगून येणाऱ्या केबिनींनी. दिवसांचे काम घटकेत होऊ लागले. साहजिकच, हा कुंचला पुढच्या पिढीच्या हाती द्यावा की नाही, हा प्रश्न अनेक रंगाऱ्यांपुढे उभा आहे.

खंडेनवमीस रंगारीही आपले कुंचले धुऊन पाटावर मांडतो आणि त्यांना हळदकुंकू वाहतो. पूजा साधनाची असली तरी तिचे पुण्य ते साधन चालते राहण्यात आहे. दसऱ्याला ज्यांच्या दारी मालमोटार पूजिली जाईल, त्यांनी देवाचे नाव तरी रंगाऱ्याच्या हातून लिहवून घ्यावे. एका घरची चूल त्याने पेटती राहील.