कंटेनर बंद, तरी माल ओला

पावसाळा तोंडावर आला की भिवंडीच्या गोदामांतून एकच धोशा सुरू होतो, ‘ताडपत्रीची गाडी नको, कंटेनर पाठवा.’ मागणी रास्तच आहे. मात्र कंटेनर लावला म्हणजे माल कोरडाच पोचणार, हे काही खरं नाही. दाराचं रबर झिजलेलं असतं, छपराचा पत्रा गंजलेला असतो. म्हणून जाणता गोदामवाला माल भरण्याआधी एका माणसाला आत उभं करतो आणि दारं बाहेरून लावून घेतो. आतल्या अंधारात जिथे उजेडाची टिकली दिसेल, तिथून पाणी येणार. छप्पर धड असूनही माल भिजतो, तो आतल्याच दमटपणामुळे. ओलसर पोती किंवा कच्च्या लाकडाचे पॅलेट दुपारी भरले आणि गाडी रात्री कसारा घाट चढली, की पत्रा गार पडतो आणि आतली वाफ थेंब होऊन वरच्या खोक्यांवर गळते.

‘अर्धी गाडी रिकामीच आहे, टाका अजून’ हेही नेहमीचंच. ३२ फुटी सिंगल एक्सल गाडी साधारण ७ टन नेते, तेवढ्याच लांबीची मल्टी एक्सल त्याच्या दुप्पट. जागा उरली म्हणून वजन उरतंच असं नाही. ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये, वर जादा टनामागे २ हजार.

सील लावलेली गाडी कुणी अडवत नाही, हा तर निव्वळ भ्रम. वाटेत ई-वे बिल तपासलं जातं आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. शंका आली तर अधिकारी मालही तपासतात.

सगळ्यात महागात पडतो तो ‘नुकसान झालं तर ट्रान्सपोर्टवाला भरून देईल’ हा विश्वास. गाडीचा थर्ड पार्टी विमा आतल्या मालाला लागू होत नाही. २००७चा रस्ते मालवाहतूक कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट. जादा जोखमीचा दर आधी ठरवून भरला असेल तरच ती वाढते. म्हणजे २ लाखांचा माल ३ हजार भाड्यात पाठवला, तर फार तर ३० हजार हाती येतील. उरलेल्यासाठी मालधन्याने स्वतःचा ट्रान्झिट विमा काढायचा. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ छापलं म्हणून वाहतूकदार हात झटकू शकतो, असंही नाही. दाव्यात त्याचा निष्काळजीपणा मालधन्याला सिद्ध करावा लागत नाही. पण दाव्याआधीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत जायला हवी. आणि पोचेवर सही करण्याआधी, ड्रायव्हर कितीही घाई करो, फुटलेली-भिजलेली खोकी मोजून तो आकडा तिथेच लिहावा.