वेळ द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आज आपण वसमतमध्ये बोलतो आहोत आणि विषय आहे क्रिकेटच्या चाहत्यांचं एक जुनं भांडण. तरुण खेळाडूच्या धावा आटल्या की दोन तट पडतात. एक म्हणतो, "पोरगं आहे, वेळ द्या." दुसरा म्हणतो, "अजून किती दिवस? बाहेर दुसरी पोरं थांबलीत." दोघांनाही दाखले सापडतात, म्हणून भांडण मिटत नाही. आपण ते दाखलेच तपासू.

पहिला तट रोहित शर्माचं नाव घेतो. २००७ मध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला. २०११ च्या विश्वचषक संघात त्याला जागा मिळाली नाही. २०१२ च्या श्रीलंका दौऱ्यात पाच एकदिवसीय डावांत तो एकदाही दहापर्यंत पोचला नाही. "नुसती गुणवत्ता काय कामाची?" असं लोक विचारायचे, आणि त्यात वावगं काही नव्हतं. पण पुढे बघा. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीत त्याला सलामीला पाठवलं, त्याने ८३ धावा केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगळुरूला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९. म्हणजे संघाने नुसती वाट पाहिली नाही, त्याचा क्रमांक बदलून पाहिला.

दुसरा तट पृथ्वी शॉकडे बोट दाखवतो. शाळकरी वयात हॅरिस शील्डमध्ये ५४६, २०१८ मध्ये कसोटी पदार्पणातच १३४. मग डिसेंबर २०२० ला ॲडलेडमध्ये ० आणि ४. दोन्ही वेळा चेंडू बॅट आणि पॅडच्या फटीतून आत शिरला आणि त्रिफळा उडाला. त्यानंतर त्याच मोसमात विजय हजारे करंडकात त्याने ८२७ धावा केल्या, जानेवारी २०२३ मध्ये रणजीत आसामविरुद्ध ३७९. तरी २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून तो बाहेर गेला आणि आयपीएलच्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळू लागला, चंडीगडविरुद्ध २२२ केल्या आणि वाद पुन्हा पेटला.

आता गंमत अशी, की दोन्ही तट फक्त धावा मोजतात. धावा उशिरा दिसतात, कधी फसवतातही. फट बुजली का, हे ३७९ या आकड्यावरून कळत नाही.

हे इथल्या हळदीवाल्यांना वेगळं सांगायला नको. मे-जूनमध्ये बेणं लावलं की हळद काढायला आठ-नऊ महिने जातात. मधेच उकरून गड्डा केवढा झाला ते कुणी बघत नाही. पण म्हणून शेतकरी घरी बसतो का? भरणी करतो, पाणी बघतो, पान पिवळं पडलं तर कंदकूज तर नाही ना, हे तपासतो. हा धीरच आहे, पण डोळे उघडे ठेवून धरलेला.

हा प्रश्न मोठ्या खेळाडूंपुरता नाही. रोहितला पाच-सहा वर्षं मिळाली. तालुक्याच्या मैदानावरच्या पोराला निवड चाचणीत चार-सहा चेंडू मिळतात, आणि एक मोसम वाया गेला की घरचे म्हणतात, बस झालं. त्याच्याबद्दल बोलताना "किती दिवस थांबायचं?" हे जरूर विचारू. पण त्याआधी विचारू, की एवढ्या दिवसांत त्याच्या कोणत्या चुकीवर काम झालं, आणि ते करून घ्यायला त्याच्याजवळ कोण होतं?